लहर उभी की आडवी?

एक दोरी घ्या. कपडे वाळत घालायची असते ना, तशी. चांगली लांब हवी. तिचं एक टोक खिडकीच्या उभ्या गजांमधून पलीकडे काढा आणि बाहेर उभ्या असलेल्या ताईच्या हातात द्या. आता तुमच्या हातातलं टोक वर-खाली हलवा. दोरीतून लाट पळत जाईल आणि दोन गजांच्या फटीतून सुळकन पलीकडे निसटेल. ताईच्या हाताला झटका बसेल. आता तेच टोक डावीकडे-उजवीकडे हलवा. लाट गजांपर्यंत येईल, गजांवर आपटेल आणि तिथेच विरून जाईल. ताईला काही कळणारसुद्धा नाही.

दोरी तीच, हात तोच, जोरही तेवढाच. मग फरक कशाचा? लाट कोणत्या अंगाने डोलते, याचा. उभी की आडवी, एवढाच!

एवढ्याशा गोष्टीवरून माणसाने साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर असलेल्या एका कृष्णविवराभोवतीचं चुंबकत्व ओळखलं, असं सांगितलं तर खरं वाटेल? नाही ना! मग चला, एकेक पायरी चढत तिथपर्यंत जाऊ.

शाळा सुटली आणि कवायत सुरू झाली

प्रकाश ही लहरच आहे. पण सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रकाशात असंख्य लहरी असतात आणि त्या सगळ्या अंगांनी डोलत असतात. कुणी उभी, कुणी आडवी, कुणी तिरपी. शाळा सुटल्याची घंटा झाल्यावर पोरं कशी वाटेल तशी बाहेर पडतात, तसंच. पण कधी कधी या लहरी कवायतीतल्या मुलांसारख्या एकाच अंगाने डोलू लागतात. याला म्हणतात ध्रुवण. असा प्रकाश म्हणजे ध्रुवित प्रकाश.

१८०८ साली पॅरिसमध्ये एत्येन लुई मालुस नावाच्या फ्रेंच इंजिनिअरला याची गंमत दिसली. समोर लक्झेंबर्ग राजवाडा होता. त्याच्या खिडक्यांच्या काचांवर मावळता सूर्य चमकत होता. मालुसच्या हातात आइसलँड स्पार नावाचा पारदर्शक स्फटिक होता. या स्फटिकातून पाहिलं की प्रत्येक वस्तू दोनदा दिसते. त्यातून तो काचेवरची चमक पाहत होता. स्फटिक हळूहळू फिरवला, तर दोन प्रतिमांपैकी एक उजळ होई आणि दुसरी फिकी. आणखी फिरवला की उलट! काचेवर आपटून परतलेला प्रकाश बऱ्याच अंशी एकाच अंगाने डोलू लागतो, हे त्याच्या लक्षात आलं.

तुम्हालाही हे घरी पाहता येईल. आकडे काळे दिसतात असा साधा कॅल्क्युलेटर घ्या. त्याच्या काचेवर ध्रुवणाची पातळ पट्टी असते. पोलरॉइडचा गॉगल त्याच्यासमोर धरा आणि हळूहळू फिरवा. एका कोनात पाटी उजळ दिसेल आणि दुसऱ्या कोनात काळीकुट्ट! मात्र गॉगल पोलरॉइडचाच हवा. जत्रेतल्या रंगीत काचांच्या गॉगलने काही होत नाही. आणि हो, कुठल्याही गॉगलमधून सूर्याकडे मात्र कधीही बघायचं नाही!

रेल्वेचं वेळापत्रक आणि तागाची जुडी

रेडिओ लहरी म्हणजे प्रकाशाच्याच बहिणी, फक्त त्यांची लांबी जास्त. मग त्यांचंही ध्रुवण होत असणार. हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ साली ते दाखवून दिलं. त्याने लाकडी चौकटीत समांतर तारा ताणून एक जाळी बनवली आणि ती रेडिओ लहरींच्या वाटेत धरली. इथे एक गंमत आहे. आपल्या दोरीच्या प्रयोगात उभ्या गजांमधून उभी लाट पार गेली. तारांच्या जाळीत मात्र बरोबर उलट होतं. उभ्या तारा उभ्या लहरीला अडवतात आणि आडवीला सोडतात. कारण तारेतले इलेक्ट्रॉन तारेच्या लांबीने धावू शकतात. लहर त्यांना धावायला लावते आणि ते लहरीला परत पाठवतात.

यानंतर काही वर्षांतच कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस अशाच लहरींवर काम करू लागले. हर्ट्झच्या लहरी लांबच लांब होत्या. बोस यांनी काही मिलिमीटर लांबीच्या इवल्याशा लहरी तयार केल्या. त्यांच्या ध्रुवणाबद्दलचा निबंध त्यांनी १८९५ साली सादर केला. साधनं कसली, तर हाताशी होती ती! रेल्वेच्या वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तक त्यांनी घेतलं आणि पानापानांच्या मध्ये धातूचा पातळ वर्ख घातला. झाली लहरींची चाळणी! एका अंगाने डोलणाऱ्या लहरी पुस्तकातून पार गेल्या, दुसऱ्या अंगाच्या अडकल्या. पुढे त्यांनी तागाची जुडी पिळून लहरींच्या वाटेत ठेवली. तेव्हा लहरींच्या डोलण्याची दिशाच थोडी वळली. जुडी उजवीकडे पिळली तर एकीकडे, डावीकडे पिळली तर दुसरीकडे.

मिलिमीटरच्या लहरी आणि त्यांचं वळणारं डोलणं, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुढे त्यांच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

आकाशातली खरखर

१९३० च्या सुमाराला अमेरिकेत कार्ल जान्स्की या तरुण इंजिनिअरला एक काम मिळालं. समुद्रापलीकडे रेडिओवरून टेलिफोन करताना मधे खरखर येई. ती कुठून येते, ते शोधायचं होतं. ढगांच्या गडगडाटाची खरखर त्याला सापडली. पण आणखी एक बारीकशी खरखर उरलीच. ती रोज चार मिनिटं लवकर येई. तारेही रोज चार मिनिटं लवकर उगवतात! म्हणजे ही खरखर सूर्याची नव्हे, पृथ्वीवरची तर नव्हेच. १९३३ साली त्याने जाहीर केलं, की ती आपल्या आकाशगंगेतून येते आणि धनू राशीच्या दिशेला सर्वांत जोरात असते. आपल्या आकाशगंगेचं केंद्र त्याच दिशेला आहे.

ही लहर तयार कशी होते? चुंबकाच्या भोवती चुंबकीय रेषा असतात, हे तुम्ही शाळेत पाहिलं असेल. कागदाखाली चुंबक ठेवायचा आणि वर लोखंडाचा कीस भुरभुरवायचा. की झाल्या रेषा तयार! अवकाशातल्या वायूतही अशा चुंबकीय रेषा असतात. प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारा इलेक्ट्रॉन त्यात सापडला, की तो सरळ जाऊच शकत नाही. रेषेभोवती स्प्रिंगसारखे वेटोळे घेत धावतो. धावताना रेडिओ लहरी सोडतो. आणि मुख्य गोष्ट अशी, की या लहरी चुंबकीय रेषेशी काटकोन करून डोलतात. म्हणजे लहर आडवी डोलत असेल, तर तिकडची चुंबकीय रेषा उभी असणार!

आमच्या वर्गात हा प्रयोग चालला असताना एका मुलीने विचारलं होतं, "बाई, ताऱ्यांजवळ चुंबक असेल तर तिथे कीस कोण टाकणार?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर हेच. तिथले इलेक्ट्रॉन हाच आपला कीस. आपण फक्त लहर उभी की आडवी ते पाहायचं.

साडेपाच कोटी वर्षांचा प्रवास

कन्या राशीच्या दिशेला एम ८७ नावाची एक प्रचंड दीर्घिका आहे. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं कुटुंब. आपली आकाशगंगाही तशीच एक. एम ८७ चा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे साडेपाच कोटी वर्षं लागतात. १९१८ साली अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हिबर कर्टिस यांना तिच्या केंद्रातून निघालेली एक सरळ तेजस्वी रेघ दिसली. जणू कुणी पिचकारी मारली आहे! १९५६ साली वॉल्टर बाडे यांनी दाखवलं, की त्या पिचकारीचा प्रकाश ध्रुवित आहे. म्हणजे तिथे वेटोळे घेत धावणारे इलेक्ट्रॉन आहेत आणि चुंबकीय रेषाही आहेत.

पण केंद्रात आहे काय? तिथे आहे एक कृष्णविवर. सूर्याच्या ६५० कोटी पट वस्तुमानाचं! कृष्णविवरात पडलेला प्रकाशसुद्धा बाहेर येत नाही. मग जे सगळं गिळतं, त्याच्याच दारातून हजारो प्रकाशवर्षं लांबीची पिचकारी सुटते कशी? खरं कोडं हे आहे.

ते सोडवायला थेट दारापर्यंत पाहायला हवं होतं. त्यासाठी शास्त्रज्ञांनी हवाई, ॲरिझोना, मेक्सिको, चिली, स्पेन आणि दक्षिण ध्रुव इथल्या आठ दुर्बिणी एकत्र जोडल्या. या जोडणीचं नाव इव्हेंट होरायझन टेलिस्कोप. म्हणजे पृथ्वीएवढी मोठी एकच दुर्बीणच झाली म्हणा ना! २०१७ च्या एप्रिलमध्ये यातल्या बहुतेक दुर्बिणी एकाच वेळी एम ८७ कडे वळल्या. त्यांनी टिपलेल्या लहरींची लांबी होती १.३ मिलिमीटर. आठवल्या ना बोस यांच्या मिलिमीटरच्या लहरी? माहिती इतकी साठली, की ती तारेवरून पाठवणं शक्यच नव्हतं. हार्ड डिस्क भरून विमानाने न्याव्या लागल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपेपर्यंत तिथेच अडकून पडल्या होत्या.

१० एप्रिल २०१९ रोजी ते प्रसिद्ध चित्र जगाने पाहिलं. मधे काळोख आणि भोवती चमकतं कडं. पण ते चित्र फक्त 'किती उजेड' एवढंच सांगत होतं. 'कोणत्या अंगाने' हे सांगायला आणखी दोन वर्षं लागली. २४ मार्च २०२१ रोजी दुसरं चित्र आलं. तेच कडं, पण त्यावर बारीक बारीक रेषा. तुमच्या डोक्यावर केसांचा भोवरा असतो ना? अगदी तशा वळलेल्या!

कृष्णविवराजवळ गुरुत्वाकर्षण प्रकाशालाही वाकवतं. त्यामुळे नुसता काटकोन मोजून भागत नाही. शास्त्रज्ञांनी संगणकावर खोटी खोटी कृष्णविवरं तयार केली, त्यांची हजारो चित्रं काढली आणि खऱ्या चित्राशी ताडून पाहिली. तेव्हा फक्त एकाच प्रकारची जुळली. ज्यांच्या दाराशी चुंबकीय क्षेत्र चांगलं बळकट आहे, ती! हे क्षेत्र १ ते ३० गॉस असावं, असा हिशेब निघाला. गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं एक माप. होकायंत्राची सुई फिरवणारं आपल्या पृथ्वीचं क्षेत्र सुमारे अर्धा गॉस असतं. तुम्ही म्हणाल, तीस गॉस म्हणजे काही फार नाही. खरंय. पण ते पसरलंय केवढ्या जागेत? आपली सगळी ग्रहमाला आत सहज मावेल एवढ्या!

आता कोडं सुटायला लागलं. आत पडणाऱ्या वायूला हे चुंबकीय क्षेत्र मागे रेटतं. सगळाच वायू गिळला जात नाही. थोडा आत पडतो, थोडा अडतो आणि थोडा पिचकारीच्या वाटेने बाहेर फेकला जातो. दाराशी जणू एक अदृश्य राखणदारच उभा आहे.

लहरीला चकवा

हे सगळं इतक्या उशिरा का कळलं? कारण वाटेत एक चकवा आहे.

मायकेल फॅरेडे हा लंडनच्या एका गरीब लोहाराचा मुलगा. पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी करता करता तो ती पुस्तकं वाचायचा आणि वाचता वाचता मोठा शास्त्रज्ञ झाला. १८४५ साली त्याने एका जड काचेतून ध्रुवित प्रकाश सोडला आणि काचेजवळ शक्तिमान चुंबक आणला. तेव्हा प्रकाशाच्या डोलण्याची दिशा फिरली! बोस यांच्या पिळलेल्या तागासारखंच काहीसं, पण इथे पीळ घालणारा होता चुंबक.

दीर्घिकांच्या केंद्रांत विजेचा भार असलेला वायू असतो आणि चुंबकीय क्षेत्रही. तिथून निघणारी लहर वाटेत अशीच फिरत येते. लहर जितकी लांब, तितकी ती जास्त फिरते. लांबी दुप्पट झाली तर फिरणं चौपट! कोणी अर्धी वळते, कोणी दोनदा फिरून येते. आपल्यापर्यंत पोचेस्तोवर कवायतीची पुन्हा शाळा सुटलेली पोरं होतात. एम ८७ च्या कड्यातल्या लहरी १.३ मिलिमीटरच्याच होत्या, तरी त्यांना थोडा चकवा बसलाच. पूर्ण शिस्त असती तर शंभरातल्या सत्तर एका अंगाने डोलल्या असत्या. सापडल्या जास्तीत जास्त पंधराच्या आसपास.

आपल्या घरातलं कोडं

जान्स्कीची खरखर जिथून येत होती, त्या आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातही एक कृष्णविवर आहे. त्याचं नाव सॅजिटेरियस ए-स्टार. अंतर सुमारे २७,००० प्रकाशवर्षं. वस्तुमान सूर्याच्या ४० लाख पट. एम ८७ वाल्यापुढे हे अगदीच पिल्लू!

काही सेंटिमीटर लांबीच्या लहरींमध्ये याचं ध्रुवण शोधलं, तर उभं-आडवं असं काही सापडेचना. पण १९९९ साली वेगळंच काहीतरी हाती लागलं. या लहरींमधला छोटासा भाग गोल गोल फिरत डोलत होता. दोरीवरच्या उड्या मारताना दोरी कशी फिरते, तशी ही लहर फिरत फिरत पुढे येते. याला वर्तुळाकार ध्रुवण म्हणतात. २००१ साली एम ८१ या दीर्घिकेच्या केंद्रातही हेच आढळल्याचं प्रसिद्ध झालं. ही दीर्घिका सप्तर्षींच्या तारकासमूहात, सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर आहे. दोन वेगवेगळी घरं, पण खोड सारखीच! सरळ डोलणारी लहर दाट चुंबकीय वायूतून जाताना तिचा काही भाग असा गोल फिरू लागतो, असं याचं एक कारण शास्त्रज्ञ सांगतात.

मग शास्त्रज्ञ आणखी आखूड लहरींकडे वळले, कारण आखूड लहरींना चकवा कमी बसतो. २००० साली मिलिमीटर आणि त्याहून लहान लहरींमध्ये सरळ ध्रुवणही सापडलं. ती दिशा वाटेत किती फिरते, तेही पुढे मोजलं गेलं. त्यावरून वाटेत वायू किती, याचा अंदाज आला. निघाला फारच थोडा! वर्षभरात सूर्याच्या एक कोटीव्या हिश्श्याहूनही कमी वायू या कृष्णविवराच्या पोटात जातो. आजूबाजूला त्याहून कितीतरी जास्त वायू आहे. ताटात भरपूर वाढलेलं आणि तोंडात मात्र शीतभर! आपल्या आकाशगंगेचं केंद्र इतकं शांत का, याचं एक उत्तर इथे आहे.

२७ मार्च २०२४ रोजी या कृष्णविवराचंही ध्रुवणाचं चित्र आलं. सगळ्यांना आश्चर्य वाटलं ते याचं, की इथेही तसाच केसांचा भोवरा! एवढ्याशा पिल्लाच्या डोक्यावर त्या महाकाय कृष्णविवरासारखाच. पण एम ८७ ला पिचकारी आहे आणि आपल्याकडे ती उघड दिसत नाही. चुंबकीय क्षेत्र इतकं सारखं आहे, तर आपल्याकडेही एखादी बारीक पिचकारी दडली असेल का? तिचा शोध चालू आहे.

खोडदच्या तबकड्या

पुण्याहून नाशिकला जाताना नारायणगाव लागतं. तिथून जवळच खोडद गावात रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभारली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या! तिच्या लहरी लांब असतात, त्यामुळे कृष्णविवराचं कडं काही तिला दिसत नाही. पण प्रत्येक तबकडीच्या तोंडाशी बसवलेलं यंत्र लहरीचे दोन भाग करून वेगवेगळे टिपतं. त्यामुळे लहर कोणत्या अंगाने डोलत आली, हे तिलाही कळतं.

आणि आजी-आजोबांना विचारा, पूर्वी घराच्या छपरावर टीव्हीचा ॲण्टेना असायचा, त्याच्या दांड्या आडव्याच का असायच्या? दूरदर्शनच्या लहरी आडव्या डोलत यायच्या म्हणून! दांड्या उभ्या केल्या की चित्र बिघडलंच.

भोवरा उलटा झाला

आता सगळ्यात ताजी बातमी. एम ८७ कडे दुर्बिणींनी २०१७ नंतर २०१८ मध्ये आणि २०२१ मध्येही पाहिलं. त्या तिन्ही वर्षांच्या ध्रुवणाची तुलना सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. कडं तेवढंच, जागचं हललेलं नाही. पण २०१७ साली भोवरा एका बाजूला वळलेला होता, २०१८ मध्ये त्याचं वळण जरा थंडावलं आणि २०२१ मध्ये तो चक्क उलट्या बाजूला वळला! नुसता उजेड मोजला असता, तर ही उलथापालथ कुणाला कळलीही नसती. ती का झाली? दाराशी असलेल्या चुंबकीय क्षेत्रातच काही बदललं, की मधल्या वायूने पुन्हा चकवा दिला? शास्त्रज्ञ त्याच हिशेबात गुंतले आहेत. तुम्ही मोठे व्हाल तोवर कदाचित तो तुमच्याही वाट्याला येईल.

पावसाळा संपला, की ऑक्टोबरमध्ये अंधार पडल्यावर नैर्ऋत्येकडे पाहा. चहाच्या किटलीसारखी दिसणारी धनू रास तिथे असेल. किटलीच्या तोटीजवळ आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे. तिथून २७,००० वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी तुम्ही गच्चीत किंवा अंगणात उभे असाल, तेव्हा तुमच्या अंगावर पडत असतील. डोळ्यांना त्या दिसणार नाहीत. पण त्यातली कुणी उभी डोलत असेल, कुणी आडवी, आणि कुणी दोरीवरच्या उड्यांसारखी गोल गोल!